हजार वर्षे आणि एक क्रियापद

व्याकरण शिकवून पोट भरणाऱ्या माणसाकडे लोक कोणते काम घेऊन येतील याचा नेम नसतो. लग्नपत्रिकेचा मजकूर, सोसायटीची नोटीस, निवृत्त होणाऱ्या हेडक्लार्कला द्यायचे मानपत्र, सारे काही माझ्या हाताखालून जाते. ऱ्हस्व-दीर्घ सुधारावे, दोन स्वल्पविराम द्यावेत आणि चहा घ्यावा, एवढेच माझे समाजकार्य. पण दोन वर्षांपूर्वी नाताळात वरच्या मजल्यावरच्या मास्तरांनी एक कागद आणून दिला आणि माझी विद्या तिथेच संपली.

मास्तर ख्रिस्ती. मूळचे नगरकडचे, त्या गावाला आता अहिल्यानगर म्हणतात, पण मास्तरांच्या तोंडी नगरच. त्यांच्या पत्नीने पस्तीस वर्षे परिचारिकेचे काम केले. सारी इमारत त्यांना 'बाई' म्हणे. दिवाळीत आमच्याकडून फराळाचे ताट वर जाई, ते बाई नाताळापर्यंत ठेवून घेत आणि मग करंज्या, चिवडा आणि केकचे दोन जाड तुकडे घालून स्वतः खाली आणून देत. दोन महिने आमचे एक ताट वरच्या मजल्यावर अडकलेले असायचे, आणि आमच्या घरात त्याबद्दल कोणी चकार शब्द काढीत नसे, कारण केक फार चांगला असे. त्या वर्षी श्रावणात बाई गेल्या. दिवाळीत ताट नेहमीप्रमाणे वर गेले. नाताळात ते मास्तरांनी आणले. सूनबाईंनी केलेल्या करंज्या त्यात होत्या, आणि कडेला घडी घातलेला एक कागद.

"बाईंच्या कबरेवर दगड बसवायचा आहे," मास्तर म्हणाले. "नाव आणि सन झाले. खाली एक ओळ हवी. घरच्यांनी चार ओळी लिहिल्या आहेत. यांतले मराठी कोणते बरोबर, तेवढे सांगा, सर."

मी कागद उलगडला. थोरल्या मुलाने लिहिले होते : 'प्रभू येईल तेव्हा उठेल.' बाईंच्या धाकट्या बहिणीने, म्हणजे मुलांच्या मावशीने : 'प्रभूच्या येण्यापर्यंत झोपली आहे.' सूनबाईंनी : 'प्रभूच्या राज्यात आहेत.' आणि शेवटी मास्तरांच्या वळणदार मोडक्या अक्षरात : 'प्रभूच्या राज्याची वाट तयार केली.'

'खालील वाक्यांतील काळ ओळखा' म्हणून प्रश्नपत्रिकेत घालावीत अशी चार वाक्ये! चारही मराठी म्हणून निर्दोष. मी तसे सांगितले. मास्तर अंमळ हसले. "मला वाटलेच. मग आता तुम्हांला बायबल उघडावे लागेल," असे म्हणून त्यांनी मला प्रकटीकरणाच्या पुस्तकाचा विसावा अध्याय वाचायला सांगितला.

तो अध्याय मी पूर्वी केव्हातरी भाषेसाठी वाचला होता. या खेपेस अर्थासाठी वाचला. एक देवदूत किल्ली आणि साखळी घेऊन उतरतो, सैतानाला हजार वर्षांसाठी बांधून अथांग गर्तेत टाकतो. ख्रिस्तासाठी ज्यांनी शिरे दिली ते जिवंत होऊन त्याच्याबरोबर हजार वर्षे राज्य करतात. मग सैतान थोडा काळ सुटतो, शेवटची लढाई होते, आणि मेलेल्यांचा न्याय होतो. दुसऱ्या ओवीपासून सातव्यापर्यंत 'हजार वर्षे' हे शब्द सहा वेळा येतात. आणि गंमत अशी की, ख्रिस्ताच्या हजार वर्षांच्या राज्याची ही गोष्ट साऱ्या बायबलात दुसरीकडे कोठेही नाही. एवढ्याशा मजकुरावरून ख्रिस्ती लोक जवळजवळ दोन हजार वर्षे वाद घालीत आले आहेत. ख्रिस्त येईल याविषयी वाद नाही. वाद आहे तो राज्याआधी येईल की राज्यानंतर, आणि ते राज्य यायचे आहे की आलेलेच आहे, याचा. आपणांला हसू येईल. पण ब्रह्मदेवाचा एक दिवस म्हणजे हजार चतुर्युगे, असा हिशेब करून ठेवणाऱ्यांच्या वंशजांनी फार हसू नये.

सूनबाई वसईच्या, कॅथलिक. त्यांच्या 'आहेत'मागे संत ऑगस्टीन उभा आहे. पहिल्या शतकांत पुष्कळ ख्रिस्ती धुरीण हजार वर्षांचे राज्य याच भूमीवर यायचे आहे असे मानीत. पेपियस नावाच्या बिशपाने तर सांगून ठेवले होते, की त्या राज्यात एकेका द्राक्षवेलीला दहा हजार फांद्या फुटतील! स्वतः ऑगस्टीनही तरुणपणी त्याच मताचा होता. पुढे ४१० साली रोम शहर लुटले गेले, जग बुडाले असा आकांत झाला, आणि त्यानंतर लिहिलेल्या आपल्या मोठ्या ग्रंथात त्याने सांगितले, की हजार हा आकडा मोजायचा नाही. तो पूर्णतेचा आकडा. ख्रिस्ताचे राज्य मंडळीच्या रूपाने सुरूच आहे, आणि गेलेले संत आजच त्याच्याबरोबर राज्य करीत आहेत. कॅथलिक मंडळी सर्वसाधारणपणे त्याच वाटेने चालली. १९४४ साली रोमहून जो निर्णय निघाला, त्यातही ख्रिस्त दृश्य रूपाने पृथ्वीवर राज्य करायला येईल हे मत शिकवणे सुरक्षित नाही, असेच म्हटले आहे. सूनबाईंना हे सारे ठाऊक आहे असे नव्हे. त्या सासूबाईंसाठी मिस्सा सांगतात आणि 'आहेत' म्हणतात.

मावशी शनिवार पाळणाऱ्या, सेव्हन्थ डे पंथाच्या. त्यांच्या 'झोपली आहे' या शब्दांची कहाणी मला सर्वांत विलक्षण वाटली. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात विल्यम मिलर नावाचा शेतकरी होता. १८१२ च्या युद्धात लढलेला, साधा, प्रामाणिक. दानीएलाच्या पुस्तकातील दोन हजार तीनशे दिवस म्हणजे तितकीच वर्षे धरून, इसवी सनापूर्वी ४५७ पासून मोजीत मोजीत तो १८४३ च्या सुमाराला पोचला. पुढे त्याच्या अनुयायांनी दिवसच मुक्रर केला : २२ ऑक्टोबर १८४४. हजारो माणसे त्या दिवसासाठी तयार झाली. कोणी दुकान बंद केले, कोणी पीक शेतात तसेच राहू दिले. रात्रीचे बारा वाजले. काही झाले नाही. पहाटेपर्यंत ती माणसे रडत बसली होती, असे त्यांच्यातल्याच एकाने लिहून ठेवले आहे. मिलर पाच वर्षांनी वारला. तारीख चुकली हे त्याने कबूल केले, येणे चुकले हे मात्र कधीच नाही.

माझे वडील १९६२ च्या अष्टग्रहीची गोष्ट सांगत. फेब्रुवारीत आठ ग्रह एका राशीत आले म्हणून गावोगाव यज्ञ झाले, आणि त्यांच्या आजीने घरातले तूप संपवून टाकले. चौथ्या दिवशी घरात तूप नाही म्हणून सर्वांनी कोरडी पोळी खाल्ली. मला त्या गोष्टीत आधी फक्त तूप दिसे. मिलरच्या माणसांबद्दल वाचल्यावर तो चौथा दिवस दिसू लागला. जग बुडणार म्हणून घाबरणे निराळे. जग बदलणार, मेलेले मूल परत भेटणार म्हणून रात्रभर आभाळाकडे डोळे लावून बसणे आणि मग कोंबडा आरवणे, हे फार निराळे. त्या सकाळी काही जण श्रद्धाच सोडून गेले. काही जणांनी पुन्हा बायबल उघडले आणि हिशेब कोठे चुकला ते शोधू लागले. त्यांच्यातूनच १८६३ साली मावशींचा पंथ रीतसर उभा राहिला. आता ते तारीख सांगत नाहीत. मेलेला माणूस काही जाणत नाही, तो निजलेला असतो, ख्रिस्त त्याला उठवील आणि हजार वर्षे स्वर्गात नेईल, तोवर ही पृथ्वी ओस पडलेली राहील, असे ते मानतात.

थोरल्या मुलाचे मत मुंबईच्या त्याच्या मंडळीतले. आज तेच सर्वांत जास्त ऐकू येते. विश्वासणारे एका क्षणात वर उचलले जातील, सात वर्षे महासंकट येईल, मग ख्रिस्त उतरून यरुशलेमेतून हजार वर्षे राज्य करील. या मांडणीला आकार दिला जॉन नेल्सन डार्बी या आयरिश मंडळीशी संबंध असलेल्या एकोणिसाव्या शतकातल्या उपदेशकाने, आणि ती घरोघर पोचवली १९०९ साली निघालेल्या स्कोफील्डच्या टीपा असलेल्या बायबलाने. १९४८ साली इस्राएल राष्ट्र उभे राहिले तेव्हा या लोकांना आपले घड्याळ चालू झाल्यासारखे वाटले. मुलगा मोठा हुशार, पण वर्तमानपत्र वाचता वाचता मधेच "हे लिहिलेलेच आहे" म्हणतो. मला त्याची ही सवय आवडत नाही, हे मी लपवीत नाही. पण आई आजारी असताना दर शनिवारी रात्रीच्या गाडीने येऊन तिचे पाय चेपीत बसणारा तोच होता.

आणि मास्तर? त्यांची ओळ जुन्या अमेरिकन मराठी मिशनची. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल न्यूएल हे त्या मिशनचे दोन मिशनरी १८१३-१४ च्या सुमारास मुंबईत आले. त्या काळच्या अमेरिकेत पुष्कळांचा असा विश्वास होता, की आधी सुवार्ता साऱ्या जगात पोचेल, अज्ञान आणि अन्याय हळूहळू ओसरतील, हजार वर्षांची सोन्यासारखी कारकीर्द येईल, आणि मग शेवटी ख्रिस्त येईल. या दोघांनी मुंबईत बसून चक्क गणित मांडले. जगात साठ कोटी माणसे अजून सुवार्तेविना. वीस हजारांमागे एक मिशनरी धरला तर तीस हजार मिशनरी पुरेत! १८१८ साली ते पुस्तकरूपाने अमेरिकेत छापलेही गेले. न्यूएल १८२१ साली मुंबईत पटकीने वारला. हॉल १८२६ साली नाशिककडच्या दौऱ्यावर पटकीनेच गेला. साठ कोटींचा हिशेब मांडणाऱ्यांना एका लोटाभर दूषित पाण्याचा हिशेब ठाऊक नव्हता. तेव्हा तो कोणालाच ठाऊक नव्हता.

"माझे आजोबा मिशनच्या शाळेत शिकले," मास्तर म्हणाले. "ते सांगत, एक शाळा निघाली की राज्य एक पाऊल पुढे आले. एक दवाखाना निघाला की आणखी एक. पहिले महायुद्ध झाले, दुसरे झाले, तसे हे बोलणे मागे पडले. आता आमच्या मंडळीतही कोणी असे बोलत नाही. पण बाईंनी पस्तीस वर्षे रात्रपाळ्या केल्या, त्या कशासाठी? म्हणून मी 'वाट तयार केली' लिहिले."

मी म्हटले, "मग हीच ओळ घाला. सुंदर आहे."

मास्तर बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "सर, या ओळीत एक खोट आहे. बाईंनी काय केले ते हिच्यात आहे. बाई कुठे आहेत ते नाही. पोरगा म्हणतो उठेल. मावशी म्हणते निजली आहे. सून म्हणते आहेत. रात्री जाग येते तेव्हा मला एवढेच विचारावेसे वाटते, की आत्ता, या घटकेला, ती मला ओळखते का? मावशीचे खरे असेल तर ती मला ओळखत नाही. निजली आहे. त्याचेही वाईट वाटत नाही, फार जागरणे झाली होती तिची. पण मग मी रोज तिच्याशी बोलतो, ते कोणाशी?"

मी मराठीचा प्राध्यापक. काय सांगणार होतो?

मास्तर गेल्यावर मला वडिलांचा दहावा दिवस आठवला. पिंडाला कावळा शिवेना. काका हात जोडून म्हणत होते, "दादा, मुलांची काळजी करू नका." आणि मी उन्हात उभा राहून त्या कावळ्याची विनवणी करीत होतो, मी, एम.ए.! त्यानंतर दर पितृपक्षात आम्ही वडिलांना जेवू घालतो. घारगे आणि अळूची भाजी, त्यांना आवडत म्हणून. आणि धाकट्या बहिणीचा मुलगा डाव्या हाताने जेवू लागला तेव्हा आई सहज म्हणाली, "हेच आलेत बघ." म्हणजे वडील पितृलोकात आहेत, आमच्या पानावर येतात, आणि बहिणीच्या घरी डाव्या हाताने जेवतातही. तीन क्रियापदे एका घरात नांदतात आणि कोणाला त्यांचा मेळ घालावासा वाटलेला नाही. वरच्या मजल्यावरच्या लोकांनी निदान तो प्रश्न कागदावर तरी लिहिला होता. आम्हांला दगडावर काही कोरायचे नसते म्हणून आमचे निभावते.

जानेवारीत मास्तर मला घेऊन दगड कोरणाऱ्याकडे गेले. थोरला मुलगा आला होता, मावशीही आल्या होत्या. सूनबाई कामावर गेल्या होत्या, पण वाटेत दोनदा त्यांचा फोन आला. कारागीर अक्षरावर पैसे घेणारा. जोडाक्षर एक धरायचे की दोन यावर त्याचे आणि मावशींचे जुंपले. 'प्र' एकच अक्षर, असा निकाल मी दिला. माझ्या विद्येचा तेवढाच उपयोग झाला.

ओळ कोणती, हे तोवर ठरले नव्हते. मास्तरांनी खिशातून तो कागद काढला, चष्मा लावून चारही ओळी पुन्हा वाचल्या आणि घडी घालून परत ठेवला. "ओळ नको," ते म्हणाले. "नुसता आकडा घाला. प्रकटीकरण वीस, ओवी सहा. ज्याला वाचायचे तो घरी जाऊन वाचील."

मुलगा काही बोलायला गेला, पण बोलला नाही. ती ओवी पहिल्या पुनरुत्थानाची. त्याचीही तीच आणि मावशींचीही तीच. सूनबाईंना फोनवर सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, "चालेल, पप्पा."

कारागिराने पेन्सिलीने दगडावर आखले : नाव, दोन सन, 'प्रकटी. २०:६'. मग त्याने विचारले, खाली एवढी मोकळी जागा कशाला सोडायची. मास्तरांनी आपले स्वतःचे नाव सांगितले आणि ते आत्ता कोरायचे नाही म्हणून बजावले. कारागिराने मान डोलावून हिशेब केला. आकड्यांचे पैसे त्याने अक्षरांइतकेच लावले, मधल्या दोन टिंबांचे मात्र लावले नाहीत.