आपट्याची थंडी, बाबांची बोटं

मुलांनो, आपटा हे पनवेल तालुक्यातलं पाताळगंगेकाठचं गाव. हिवाळ्यात भल्या पहाटे बाबा मोटारसायकलवरून कर्नाळ्याच्या झाडीतून पनवेलला निघाले, की आधी गारठतात ती बोटं! का बरं? थंडीत शरीर छाती-पोटाची ऊब राखायला बोटांकडचं रक्त कमी करतं. त्यात धुक्यानं हातमोजे भिजले, तर ते पाणी वाऱ्यावर सुकताना उरलीसुरली ऊबही घेऊन जातं. बधिर बोटांनी ब्रेक पटकन दाबता येत नाही, खरा धोका हाच. म्हणून वारा-पाणी अडवणारे, आतून उबदार, सैलसर हातमोजे हवेत. अंगात स्वेटरही हवाच. छाती गरम, तर बोटं गरम! तरी बोटं बधिर झालीच, तर गाडी थांबवून हात काखेत धरावेत. पाच मिनिटं उशीर झाला तरी चालेल. बाबांना एवढं नक्की सांगा हं!