अठ्ठावीस दिवसांची वही

कार्यालयात जमाखर्चाच्या वह्या लिहिण्यात आमची वीस वर्षे गेली. बी.कॉम. झालेल्या माणसाला आकड्यांची सवय असते आणि त्या सवयीचा थोडा गर्वही असतो. पण आमच्या बहिणीच्या घरी दोनशे पानी एक वही आहे, तिच्यात रुपये-पैशांचा हिशेब नाही. तारखा आहेत, सकाळ आणि संध्याकाळ असे दोन रकाने आहेत आणि प्रत्येक रकान्यात बरोबरची खूण आहे. त्या वहीच्या एका पानावर सतराव्या दिवसानंतर अकरा ओळी कोऱ्या आहेत. त्या कोऱ्या कोणामुळे राहिल्या, हे सांगण्यासाठी आज लिहायला बसलो आहोत.

आमची धाकटी बहीण आत्याच्याच घरात दिली, येथेच औशात, दोन गल्ल्या पलीकडे. बोलणी आम्हीच केली. घरचे माणूस, हुंड्याचा प्रश्न नाही, पोर डोळ्यासमोर राहील, असे आम्ही चारचौघांत अभिमानाने सांगत होतो. मेहुणे मोंढ्यात हमाली करतात, बहीण डाळमिलात पाखडायला जाते. २०१४ मध्ये त्यांना मुलगा झाला. सगळ्या गल्लीला पेढे वाटले.

सहा महिन्यांपासून लेकराला खोकला लागला तो हटेना. भूक मोठी, पण खाल्लेले अंगी लागत नव्हते. शौचाला तेलकट आणि फार घाण वासाची होई. उन्हाळ्यात कपाळावर, कानामागे पांढरी पूड दिसे. एकदा बहीण आम्हाला म्हणाली, "दादा, ह्याचा मुका घेतला की ओठाला खारट लागायलंय."

आम्ही हसलो. "अगं, घाम खारटच असतो," असे म्हणून पुन्हा पेपरात डोके घातले. शिकलेले आम्ही आणि सातवी पास ती, तेव्हा खरे आमचेच असणार, नाही का?

गल्लीत मात्र सगळ्यांना कारण माहीत होते. कोणी म्हणाले नजर लागली. कोणी म्हणाले आईच्या दुधातच दोष आहे. एका म्हातारीने तर मागच्या जन्मीचे पाप काढले. विहारात दर पौर्णिमेला बसणारी माणसे आपण, पण घरात लेकरू आजारी पडले की ते जुने भूत मागच्या दाराने आत येते. आणि ते नेहमी आईच्याच मानगुटीवर बसते. बापाला कोणी पाप विचारत नाही.

पुढे एका डॉक्टरांनी क्षयाचे औषध सुरू केले. लेकराचा खोकला जुना आणि वजन कमी, म्हणजे टी.बी., हे आपल्या भागात चटकन मनात येते, कारण टी.बी. खरोखरच घराघरांत आहे. सहा महिने गोळ्या झाल्या. खोकला होता तेथेच राहिला.

२०१७ च्या मे महिन्यात पोरगा उन्हाने एकाएकी गळून गेला. डोळे पांढरे झाले. लातूरला नेले. तेथे एका तरुण डॉक्टरीणबाईंनी त्याला सलाईन लावले, छाती तपासली, नखे पाहिली आणि बहिणीला विचारले, "मुका घेतल्यावर याचे अंग खारट लागते का हो?"

बहिणीने आमच्याकडे पाहिले. ती काही बोलली नाही. आम्ही खाली पाहिले.

बाईंनी चिठ्ठी दिली, आणि लातूरच्या रात्रीच्या रेल्वेने आम्ही मुंबई गाठली. तेथे घामाची तपासणी झाली. हाताला औषध लावून अगदी हलका विजेचा प्रवाह देतात, तेवढ्या जागी घाम येतो, तो गोळा करून त्यातले क्लोराइड मोजतात. एका लिटरला ६० मिलिमोल किंवा त्याहून जास्त भरले की आजाराचे निदान पक्के धरतात. आमच्या भाच्याचे त्याहून बरेच वर होते. आजाराचे नाव सिस्टिक फायब्रोसिस.

वाचकहो, हा आजार काही कालचा नाही. न्यूयॉर्कच्या डॉ. डोरोथी अँडरसन या बाईंनी १९३८ मध्ये त्याचे वेगळे वर्णन केले. १९४८ मध्ये न्यूयॉर्कला उष्णतेची लाट आली, तेव्हा उन्हाने गळून दवाखान्यात आलेल्या मुलांत याच आजाराची मुले बरीच आढळली. त्यावरून घामाचा शोध लागला आणि १९५३ मध्ये डॉ. सांत'अन्येझे यांनी या मुलांच्या घामात मीठ जास्त असते हे दाखवून दिले. न्यूयॉर्कच्या त्या उन्हाळ्याने डॉक्टरांना जे शिकवले, ते औशाच्या उन्हाळ्याने आमच्या बहिणीला शिकवले होते. ऐकणारे कोणी नव्हते, एवढेच.

आजार जन्मतः असतो. शरीरातल्या पेशींना मीठ-पाणी आत-बाहेर करणारी बारीक दारे असतात. ती दारे बनवणारे जनुक १९८९ मध्ये सापडले. ते दोन्ही बाजूंनी, म्हणजे आईकडून आणि बापाकडून, बिघडलेले आले की दार नीट उघडत नाही. मग छातीतला कफ डिंकासारखा चिकट होतो, पोटातला पाचक रस आतड्यापर्यंत पोहोचत नाही आणि घामातून मीठ वाहून जाते. आई-बाप दोघे धडधाकट असतात, कारण त्यांच्याकडे एक बिघडलेले आणि एक चांगले असे असते. अशा जोडप्याच्या प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक.

हे ऐकताना आमच्या मनात आत्याच्या घरची बोलणी फिरत होती. सख्ख्या आते-मामे भावंडांत आठवा हिस्सा जनुके सारखी असतात. म्हणून एकाच आजोबाकडून किंवा आजीकडून आलेला लपलेला बिघाड दोघांत असण्याची शक्यता वाढते. परक्या घरात लग्न केले म्हणजे हा आजार होतच नाही असे नाही. पण मामाची पोरगी हक्काची, ही आपल्या मराठवाड्यातली म्हण आपण किती दिवस सांभाळायची, याचा विचार जाणत्यांनी करावा. पाप कोणाचे ते शोधायचेच असेल, तर मागच्या जन्मात जायला नको. आम्ही जुळवलेल्या सोयरिकीपर्यंत गेले तरी पुरे.

जेवणाबरोबर पाचक रसाच्या कॅप्सूल, जीवनसत्त्वे, उन्हाळ्यात जास्तीचे मीठ आणि रोज छाती थोपटून कफ काढणे असे सुरू झाले. पोरगा भरू लागला. पण २०१८ मध्ये त्याच्या कफात स्युडोमोनास नावाचा जंतू सापडला. हा जंतू ओलसर जागी, मोरीत, साचलेल्या पाण्यात राहतो. धडधाकट माणसाला सहसा काही करत नाही. पण या मुलांच्या चिकट कफात त्याला घर मिळते. सुरुवातीला गाठला तर पुष्कळदा हाकलता येतो. एकदा त्याने भोवती चिकट आवरण विणले की तो जन्माचा भाडेकरू होतो आणि फुप्फुस हळूहळू खातो.

त्यावर बाईंनी वाफेसारखे ओढण्याचे अँटिबायोटिक लिहून दिले, टोब्रामायसिन. आम्ही विचारले, गोळी नाही का? त्या म्हणाल्या, हे औषध पोटातून रक्तात जातच नाही. इंजेक्शनने देता येते, पण ते सगळ्या अंगात फिरते, कफापर्यंत थोडेच पोहोचते आणि मात्रा वाढवावी तर मूत्रपिंडाला व कानाला धोका. श्वासातून दिले तर जेथे जंतू तेथेच भरपूर औषध पडते आणि रक्तात फार थोडे जाते. लंडनच्या डॉ. मार्गारेट हॉडसन यांनी १९८१ मध्ये श्वासातून अँटिबायोटिक देण्याचा उपयोग दाखवला. १९८५ मध्ये इंग्लंडमधल्याच लीड्सच्या डॉक्टरांनी कोलिस्टिन नावाच्या औषधाने हा जंतू सुरुवातीलाच गाठण्याचा मार्ग सांगितला. श्वासातून घ्यायच्या टोब्रामायसिनला अमेरिकेत १९९७ च्या डिसेंबरात मान्यता मिळाली. त्यासाठी ५२० रुग्णांवर चोवीस आठवडे पाहणी झाली होती. औषध घेणाऱ्यांची श्वासाची ताकद वाढली, न घेणाऱ्यांची घटली. आता आपल्या देशातल्या कंपन्याही हे औषध बनवतात. तरी किंमत ऐकून मेहुण्यांनी औषधाच्या दुकानाबाहेरच बसकण मारली.

सकाळी एक कुपी, संध्याकाळी एक, अठ्ठावीस दिवस. सांगायला एवढेच. पण करायला? आधी श्वासनळी मोकळी करणारे औषध, मग छाती थोपटणे, मग खोकून कफ काढणे आणि शेवटी हे औषध, म्हणजे ते मोकळ्या वाटेने आत जाते. एका कुपीला पंधरा मिनिटे. लहानसे पोर तोंडात नळी धरून पंधरा मिनिटे बसवायचे म्हणजे आत्याला रोज नवी गोष्ट सांगावी लागे. संपल्यावर चूळ भरायची. यंत्राचा पेला आणि नळी साबणाने धुऊन, पाच मिनिटे उकळून, स्वच्छ कपड्यावर वाळवायची. नाहीतर ज्या जंतूला मारायचे, तोच ओल्या पेल्यात वाढून पुन्हा छातीत जायचा.

कुप्या थंड जागी ठेवायच्या. बहिणीकडे फ्रिज नाही. शेजारच्या मावशींनी त्यांच्या फ्रिजमध्ये दुधाच्या पातेल्याशेजारी एक कप्पा मोकळा करून दिला. यंत्राला वीज लागते, आणि औशात वीज कधी जाईल याचा भरवसा नाही. वीज गेली की मेहुणे यंत्र पिशवीत घालून पोराला खांद्यावर घेत आणि विहार गाठत. तेथल्या इन्व्हर्टरवर यंत्र चाले. बाया धुणी-भांडी टाकून पोराभोवती बसत. ज्या म्हातारीने पाप काढले होते, तीही एके दिवशी पदराने त्याला वारा घालताना आम्ही पाहिली.

वही आम्हीच आखून दिली होती. बहीण खुणा करी. दहाव्या दिवशी खोकला कमी झाला. पंधराव्या दिवशी पोरगा गल्लीत पळू लागला. सतराव्या दिवशी संध्याकाळी आम्ही गेलो, त्याला खेळताना पाहिले आणि आमच्यातला कारकून जागा झाला. उरले अकरा दिवस, म्हणजे बावीस कुप्या. पोरगा तर बरा दिसतो. मग या बावीस कुप्या शिल्लक ठेवल्या तर पुढच्या दुखण्याला कामी येतील, तेवढाच खर्च वाचेल.

बहीण म्हणाली, "बाईंनी अठ्ठावीस सांगितल्यात, दादा."

"दिसत नाही का, बरा झालाय तो? पैसे काय झाडाला लागतात?" आम्ही म्हणालो. ती गप्प बसली. आमच्या शब्दाला घरात मान होता. तिच्या शब्दाला आम्ही दुसऱ्यांदा किंमत दिली नाही.

तीन महिन्यांनी कफात तोच जंतू पुन्हा सापडला. पुन्हा पूर्ण अठ्ठावीस दिवस केले, तरी तो गेला नाही. आम्ही बाईंना सगळे खरे सांगितले. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, पूर्ण औषध घेऊनही काही मुलांत तो परत येतो, तुमच्या अकरा दिवसांनीच आला असे मी म्हणणार नाही. पण जंतूला अर्धवट मारून सोडू नये. जे उरतात ते चिवट असतात.

त्यांनी आम्हाला मोकळे केले. आम्ही स्वतःला अजून केलेले नाही.

आता अठ्ठावीस दिवस औषध आणि अठ्ठावीस दिवस सुट्टी, असे चालू आहे. पोरगा शाळेत जातो, गणितात बरा आहे, पळताना मात्र दमतो. बरे करणारे औषध हे नव्हे, जंतूला दाबून ठेवणारे आहे. मूळ बिघाडावर चालणाऱ्या गोळ्या परदेशात २०१२ पासून आल्या आणि तीन औषधांची एकत्र गोळी २०१९ मध्ये. अमेरिकेत तिची वर्षाची किंमत तीन लाख डॉलरच्या वर लावली गेली. सगळ्या प्रकारच्या बिघाडांवर ती चालतही नाही. केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणात सिस्टिक फायब्रोसिसचे नाव आहे. मुंबईचे के.ई.एम. रुग्णालय त्या धोरणाखालचे एक केंद्र आहे. अशा घरांनी तेथे जाऊन आपले काय बसते ते जरूर विचारावे. हा आजार गोऱ्यांचा, असे पूर्वी समजत. दिल्लीच्या एम्समधील डॉ. काबरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्याकडच्या शंभरावर मुलांची माहिती २००३ मध्येच छापली आहे. मुले आपल्याकडेही आहेत. क्षय, दमा, कुपोषण अशा नावांखाली ती हरवतात.

म्हणून समाजबांधवांना आणि विशेषतः घरातल्या कर्त्या पुरुषांना आमचे सांगणे आहे. लेकराचा खोकला हटत नसेल, खाऊनही वजन वाढत नसेल, शौचाला तेलकट होत असेल आणि अंग खारट लागत असेल, तर डॉक्टरांना हे चारही सांगा. घामाची तपासणी कोठे होते ते विचारा. ओढायचे औषध सुरू झाले तर लेकरू बरे दिसते म्हणून मधेच थांबवू नका. पैशांची अडचण असेल तर डॉक्टरांना सांगा, दुसरे औषध किंवा दुसरी वाट ते पाहतील, पण आपल्या मनाने हिशेब करू नका. ज्यांच्या घरी फ्रिज आहे, इन्व्हर्टर आहे, त्यांनी एक कप्पा, एक प्लग शेजारच्या लेकरासाठी मोकळा ठेवावा. आणि आई काही सांगत असेल तर पेपर खाली ठेवा.

वही आता बहिणीकडेच असते. तीच आखते, तीच खुणा करते. मागच्या महिन्यात आम्ही ती चाळत होतो, तेव्हा त्या अकरा कोऱ्या ओळींचे पान आले. आम्ही म्हणालो, हे पान फाडून टाक. ती म्हणाली, "राहू द्या दादा. दुसऱ्या कुणाच्या घरी असं लेकरू निघालं तर दाखवायला लागंल."

म्हणूनच ते पान आज आम्ही आपल्याला दाखवले.