दंड दुखतो का?

जुन्या पत्रांच्या मायन्यांत "येथील सर्व क्षेम, आपलें क्षेम कळवावें" हें वाक्य ठरलेलें असे. लिहिणाराला दमा असो कीं घरांत मूल तापानें फणफणत असो, मायन्यांतलें क्षेम ढळत नसे. खरी हकीकत "वि. वि." नंतर यावयाची, आणि तीही पुष्कळदां पत्र संपल्यावर समासांत आडवी लिहिलेली. आमच्या वडिलांचीं असलीं पत्रें आमच्या संग्रहीं आहेत. तीं चाळतांना आम्हांला नेहमीं नवल वाटतें कीं, हीं माणसें स्वतःच्या प्रकृतीविषयीं इतकें थोडें बोलून राहत कशीं? आमची तऱ्हा अगदीं उलट. साठी उलटलेले चार स्नेही एकत्र जमले म्हणजे पहिल्या पांच मिनिटांत रक्तदाब, साखर, गुडघे आणि पित्त यांचा जमाखर्च मांडून होतो, आणि मग राजकारण वगैरे किरकोळ विषयांस वेळ मिळतो.

कॉलेजांत एका बाकावर बसलेले आम्ही पांचजण. आम्ही पुण्याला, दुसरा नागपुरास, तिसरा डोंबिवलीस, चौथा पेणेस. पांचवा न्यू जर्सींत मुलाकडे चार महिन्यांसाठीं म्हणून गेला तो तेथेंच अडकून पडला. २५ मार्च २०२० पासून सारा देश घरांत कोंडला गेला, आणि त्या आठवड्यांतच रोज रात्रीं साडेआठ वाजतां पांचांनीं एकदम फोनवर यावयाचें असा परिपाठ सुरू झाला. आमची रात्र ती अमेरिकेंतल्या स्नेह्याची सकाळ. आम्ही जेवून सुपारी कातरीत असूं, तर तो चहाचा घोट घेत असे. बोलणें तें काय? आज भाजी कोणती मिळाली, दूधवाला आला कीं नाहीं, काढ्यांत सुंठ किती घालावी. नागपूरकर दिवसांतून तीन वेळां वाफारा घेई व त्याचें साग्रसंगीत वर्णन करी. डोंबिवलीकर बँकेंत जन्म घालविलेला. त्यानें एक वही केली होती, आणि तींत पांचांच्याही बोटांना लावलेल्या चिमट्याचे प्राणवायूचे आंकडे तो रोज उतरून घेत असे. आमचा आंकडा एक दिवस चुकून राहिला तर दुसऱ्या दिवशीं व्याजासह वसुली होई.

या बैठकींत सहावें माणूस होतें, तें म्हणजे पेणच्या वहिनी. त्या बसत नसत. ओटा पुसतां पुसतां फोनपाशीं येत, आणि "भावजी, गुडघा काय म्हणतो?" एवढें विचारून परत जात. आमच्या गुडघ्याची जितकी चौकशी त्यांनीं केली तितकी आमच्या डॉक्टरांनीं केली नाहीं.

१६ जानेवारी २०२१ रोजीं लस टोचण्यास आरंभ झाला, आणि १ मार्चपासून साठीवरच्या माणसांची पाळी आली. आमच्या रात्रीच्या बैठकीला एकच विषय पुरूं लागला. प्रत्येकजण आपापल्या लहानपणची देवी काढल्याची आठवण सांगूं लागला. आम्ही त्या वेळीं सहा-सात वर्षांचे होतों. गांवांत देवी काढणारा आला अशी हूल उठली कीं मुलें माळ्यावर, कणगीमागें, गोठ्यांत, जेथें सांपडेल तेथें दडत. बारीक दांते असलेली एक चकती दंडावर टेकवून तो गर्रकन फिरवी, आणि ब्रह्मांड आठवे. आमच्या आजीनें तर देवी काढून आल्यावर आम्हांला दहीभात खावयास घातला, आणि दाराला कडुनिंबाचा डहाळा लावला. म्हणजे देवी येऊं नये म्हणून टोचलें तें टोचलें, वर देवीचा मानही राहिला! त्या दोन वाटोळ्या खुणा आमच्या डाव्या दंडावर अजून आहेत. ज्या रोगासाठीं त्या आहेत तो १९८० सालीं पृथ्वीवरून नाहींसा झाल्याचें जागतिक आरोग्य संघटनेनें जाहीर केलें. आमच्या मुलांच्या दंडावर त्या नाहींत, आणि त्या नाहींत हें आपलें केवढें भाग्य आहे याची त्यांना कल्पनाही नाहीं.

"लस" हा शब्द मूळचा फोडांतून पाझरणाऱ्या चिकट द्रवाचा. पहिली लस होतीही तशीच. १८०२ च्या जूनमध्यें मुंबईंत ॲना डस्टहॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीला हिंदुस्थानांतली देवीची पहिली लस टोचण्यांत आली. बगदाद, बसरा या वाटेनें ती एकाच्या दंडांतून दुसऱ्याच्या दंडांत अशी येथवर आली होती, आणि ॲनाच्या दंडांतून ती पुढें दुसऱ्या मुलांच्या दंडांत गेली. बर्फाची पेटी नाहीं, कुपी नाहीं. लस न्यावयाची तर बहुधा जिवंत माणूसच हवें. हें आम्हीं फोनवर सांगितलें तेव्हां नागपूरकर म्हणाला, "म्हणजे तेव्हां लस दंडानं जायची, आतां बातमी दंडानं जाते." त्याचे विनोद सहसा आम्हांला आवडत नाहींत, पण हा बरा होता. कारण खरोखर तसेंच चाललें होतें. वर्तमानपत्रांतील आंकडे कोण वाचतो? डोंबिवलीकरानें ३ मार्चला टोचून घेतली, आणि दर चार तासांनीं आपला ताप वहींत लिहून रात्रीं वाचून दाखविला: १००.४, ९९.८, ९८.६. दुसऱ्या दिवशीं नागपूरकर गेला. त्याला १०१ ताप चढला, आणि त्यानें तो असा सांगितला कीं जणूं पानिपताहून परतला आहे. अमेरिकन स्नेह्याची पहिली मात्रा आधींच झाली होती. तिकडची लस निराळी, पण दंड तसाच दुखला. आणि प्रत्येकाच्या हकीकतींत मध्येंच वहिनींचा आवाज येई, "भावजी, दंड दुखतो का? मीठ शेकून फडक्यांत बांधा, आणि शेका."

राहिलों आम्ही आणि पेणकर.

आम्ही कां राहिलों याचें खरें कारण सांगावयाचें तर तें भय होतें. परंतु भयाला भय म्हणण्याची शिकलेल्या माणसाला लाज वाटते. तो त्याला "सावधपणा" असें नांव देतो आणि त्याच्यासाठीं इतिहासांतून पुरावे गोळा करतो. आम्हांला पुरावे मिळालेही. १८९७ सालीं प्लेगची लस हाफकिन यांनीं मुंबईस ग्रँट मेडिकल कॉलेजांत बसून तयार केली, आणि १० जानेवारीस ती प्रथम स्वतःस टोचून घेतली, हें सर्वांना ठाऊक असतें. परळची संस्था आज त्यांच्या नांवानें आहे. पण १९०२ सालीं पंजाबांत मुलकोवाल येथें त्याच लशीच्या एका दूषित बाटलीमुळें एकोणीस माणसें धनुर्वातानें दगावलीं, हें फारसें कोणी सांगत नाहीं. आम्ही तें आवर्जून सांगत असूं. हाफकिन यांच्याकडे दोष नाहीं असें पुढें १९०७ सालीं ठरलें, तें मात्र आमच्या सांगण्यांतून गळत असे. आणि त्या प्लेगांत लस घेतलेल्यांपेक्षां न घेतलेलीं माणसें किती अधिक मेलीं, हा हिशेब तर आम्हीं कधीं काढलाच नाहीं.

५ मार्चच्या रात्रीं बैठक संपल्यावर पेणकराचा निराळा फोन आला. "सोमवारीं आम्हां दोघांचं नांव लागलं आहे. तुझं काय मत? जावं का?"

सोमवार म्हणजे ८ मार्च. पांच जणांत "वाचणारा" म्हणून आमची ख्याती. म्हणून त्यानें विचारलें. आम्हीं म्हटलें, "घाई काय आहे? गर्दी ओसरूं दे. महिनाभर लोकांचं कसं होतं तें पाहूं, मग जा." तो म्हणाला, "बरं. मग हिलाही सांगतों थांब म्हणून." संभाषण दोन मिनिटांचें होतें. तें आम्हांला आमच्या लग्नांतल्या मंत्रांपेक्षां अधिक स्वच्छ आठवतें.

पुढें झालें तें असें. १९ मार्चला आमच्या भाच्यानें आमचें नांव लावून टाकलें, आणि सौभाग्यवतींनीं, "अहो, इतिहास पुरे झाला, सदरा घाला," असें म्हणून आम्हांला दवाखान्यांत नेलें. सुई लागली तें कळलेंही नाहीं. नंतर अर्धा तास तेथें खुर्चीवर बसवून ठेवतात. तो अर्धा तास आम्हीं आपली नाडी मोजण्यांत घालविला. रात्रीं अंग मोडून आलें, सकाळीं उतरलें. तीन दिवसांनीं, सगळें ठीक आहे अशी खात्री झाल्यावर, आम्हीं ती बातमी बैठकींत हंसत हंसत सांगितली. टोचण्याआधीं कां सांगितली नाहीं, याला उत्तर नाहीं. पेणकर हंसला. म्हणाला, "लबाडा! चला, आतां आम्हीही जातों."

तो जाणारच होता. पण एप्रिलांत लशीचा तुटवडा पडला. तो आणि वहिनी दोन वेळां रांगेंत उभे राहिले, आणि दोन्ही वेळां साठा संपल्याची पाटी पाहून परतले. २० एप्रिलच्या रात्रीं त्याचा आवाज बसलेला वाटला. डोंबिवलीकरानें आंकडा विचारला. तो ९३ होता. वहिनींचा ९५. दोन दिवसांनीं दोघांनाही दवाखान्यांत हलविलें. ज्याचा आंकडा वाईट होता तो सतरा दिवसांनीं घरीं आला. वहिनी ३ मे रोजीं गेल्या. पेटीबंद देह परस्पर नेला. मुलगा बंगलोरास, तो वेळेवर पोहोंचूं शकला नाहीं.

आम्हीं हिशेब केला आहे. डोंबिवलीकराच्या वहीची संवय लागल्यामुळें असेल, पण केला आहे. ८ मार्चपासून १९ एप्रिलपर्यंत बरोबर सहा आठवडे होतात. पहिल्या मात्रेचें संरक्षण पुरतें नसतें, पण दोन-तीन आठवड्यांनीं तें कांहीं ना कांहीं येतें. त्या वांचल्या असत्या असें कोणीही शपथेवर सांगणार नाहीं. आमच्या ओळखीच्या एका डॉक्टरांनीं तर आमचें समाधान करण्यासाठीं, लस घेऊनही गेलेल्यांचीं उदाहरणें दिलीं. आम्हीं तीं ऐकून घेतलीं. मुलकोवालचें उदाहरण आम्ही देत होतों तेव्हां समोरच्याचा चेहरा कसा होत असेल, तें त्या वेळीं आमच्या ध्यानांत आलें.

पेणकरानें त्या दोन मिनिटांच्या संभाषणाचा कधीं उल्लेख केला नाहीं. त्याला आठवत नाहीं असें नव्हे. त्याची स्मरणशक्ति आम्हां पांचांत चांगली. जूनमध्यें तो पुनः साडेआठला येऊं लागला. थोडेंसें बोले, धाप लागली कीं थांबे. त्याच्या मागें स्वयंपाकघर शांत असे. आम्हीं दोनदां तो विषय काढण्यासाठीं तोंड उघडलें, आणि दोन्ही वेळां डोंबिवलीकराला त्याचा आंकडा विचारला.

बरें झाल्यावर तीन महिने थांबून लस घ्यावी असा तेव्हांचा नियम होता. ऑगस्टांत त्याची पाळी आली. आम्ही सांगितल्यावांचून बोरघाट उतरून खोपोलीवरून पेणेस गेलों. त्यानें दार उघडलें, आमच्याकडे पाहिलें, आणि "चहा घेऊन जाऊं," एवढेंच म्हणाला. चहा त्यानें स्वतः केला. साखर जास्त पडली होती. दवाखान्यांत रांग लहान होती. तो अर्धा तास आम्ही दोघे शेजारीं शेजारीं खुर्च्यांवर बसलों. समोर भिंतीवर घड्याळ होतें. वीस मिनिटें झालीं तेव्हां आम्हीं म्हटलें, "मार्चमध्यें मीं तुला—" तो म्हणाला, "तूं आधीं घ्यायचास तर मला आधीं सांगायचंस. एवढंच." मग पुनः घड्याळाकडे पाहूं लागला.

त्या रात्रीं आम्हीं त्याच्याच घरून बैठकींत भाग घेतला. नागपूरकरानें ताप आला का तें विचारलें, डोंबिवलीकरानें आंकडा लिहून घेतला. मग कोणालाच पुढें कांहीं सुचेना. तो एक प्रश्न विचारावयाचा राहिला होता, तो प्रत्येकाला ऐकूं येत होता, आणि तो आपण विचारावा कीं नाहीं हें कोणाला कळत नव्हतें. शेवटीं अमेरिकेंतल्या स्नेह्यानें चहाचा पेला खालीं ठेवल्याचा आवाज झाला.

"दंड दुखतो का रे?"

"दुखतो," पेणकर म्हणाला, आणि उठून स्वयंपाकघरांत मीठ कोठें ठेवलेलें असतें तें शोधूं लागला. आम्हीही उठलों. डबे पुष्कळ होते, आणि एकावरही नांव लिहिलेलें नव्हतें.