राजवाडा काढू या, लेअर लेअरने

इंदूरच्या राजवाड्यासमोर जो तो मोबाइल वर करतो, एक फोटो काढतो आणि सराफ्याकडे वळतो. सराफा काही पळून जात नाही; दागिन्यांची दुकानं मिटल्यावर रात्रीच तिथे भुट्ट्याचा कीस आणि गरम जिलबी मिळते. तेव्हा कॉम्प्युटरवर चित्र काढायला शिकायचं मनात असेल, तर आधी समोरच्या बागेत, अहिल्याबाईंच्या पुतळ्याजवळ, तासभर बसा. पहिल्या धड्यासाठी याहून सोयीची इमारत मिळणं कठीण.

होळकरांच्या या वाड्याचं प्रवेशद्वार सात मजली आहे. खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. मधोमध मोठा लाकडी दरवाजा, वर सज्जे आणि खिडक्यांच्या रांगा. कागदावर नुसती मोजणी करा: एका रांगेत खिडक्या किती, दगड कुठे संपतो, लाकूड कुठे सुरू होतं. मग शक्य तितकं मागे सरकून सरळ फोटो घ्या. अगदी जवळून घेतलेल्या फोटोत इमारत वरच्या बाजूला निमुळती दिसते.

मुक्कामी आलात की लॅपटॉपवर जिम्प उघडा. हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि माउसवरही चालतं. फोटो उघडून त्याची अपारदर्शकता चाळीस टक्क्यांवर आणा, म्हणजे तो फिका होईल. त्यावर नवी पारदर्शक लेअर घ्या. लेअर म्हणजे फोटोवर ठेवलेला ट्रेसिंग पेपर समजा. दगडासाठी एक, लाकडासाठी दुसरी, आकाशासाठी तिसरी. विजेच्या तारा, रिक्षा आणि माणसं यांच्यासाठी चौथी. प्रत्येक वेळी कुठली लेअर निवडलेली आहे ते बघूनच ब्रश टेकवा.

हात थरथरतो म्हणून घाबरू नका. ब्रशने एक ठिपका द्या, शिफ्ट दाबून ठेवा आणि दुसऱ्या टोकाला क्लिक करा. सरळ रेघ तयार. विंडोज मेन्यूतल्या डॉकेबल डायलॉग्जमध्ये सिमेट्री पेंटिंग असतं. त्यात मिरर निवडून आरशाची उभी रेषा दरवाज्याच्या मधोमध ठेवली, की डावीकडे काढलेली खिडकी उजवीकडे आपोआप उमटते. अर्धा वाडा काढायचा, पूर्ण वाडा मिळतो!

आता चौथ्या लेअरपुढचं डोळ्याचं चिन्ह दाबा. तारा आणि रिक्षा नाहीशा होतील, जुना वाडा एकटा उरेल. पुन्हा दाबा, आजचं इंदूर परत येईल. कुठलं चित्र ठेवायचं, हे सॉफ्टवेअर सांगत नाही. ते तुम्ही ठरवायचं.

नवशिक्याचा सगळ्यात मोठा आधार म्हणजे कंट्रोल आणि झेड. रेघ बिघडली, दाबा, गेली. राजवाड्याला ही सोय नव्हती. १९८४ मधल्या आगीत आतल्या भागाचं फार नुकसान झालं, दर्शनी भाग तेवढा वाचला. मागचा भाग जुन्या धर्तीवर पुन्हा उभा राहायला २००७ साल उजाडलं. अशा कामात जुनी चित्रं, नकाशे, फोटो यांचं मोल कळतं. कुणीतरी कधीतरी नीट बघून ठेवलेलं असावं लागतं.

बघण्याची ही सवय इंदूरला नवी नाही. चित्रकार ना. श्री. बेंद्रे यांचा जन्म १९१० मध्ये इथलाच, आणि मकबूल फिदा हुसेन यांचं लहानपणही याच शहरात गेलं. त्यांच्या हाताशी अंडूचं बटण नव्हतं.

चित्र झालं की फाइल आधी एक्ससीएफ स्वरूपात सेव्ह करा, त्यात सगळ्या लेअर सुट्या राहतात. मग एक्सपोर्ट करून जेपीजी प्रत घरच्या ग्रुपवर पाठवा. फाइल बंद केल्यावर मागे जाता येत नाही, पण लेअर उघडून पुढचं काम करता येतं. पुढच्या खेपेला जाल, तेव्हा लॅपटॉपमधलं चित्र समोरच्या वाड्याशी ताडून बघा. एखादा सज्जा तुमच्याकडून राहून गेलेला असेलच. त्याच्यासाठी पाचवी लेअर घ्या.