पाठीवरच्या चांदण्या

माथेरानला दस्तुरीच्या नाक्यावर गाडी सोडली, की पुढे पायी चालता येतं, किंवा घोडा करता येतो. मी आयुष्यात पहिल्यांदा घोड्यावर बसले ती तिथेच, आठ वर्षांची असताना. तांबड्या मातीची वाट, वर झाडांची दाट सावली आणि खाली एक तपकिरी घोडी. बाजारपेठेत पोचल्यावर घोडेवाल्याने खोगीर उतरवलं, तेव्हा तिच्या पाठीच्या उंचवट्यावर दोन्ही बाजूंना रुपयाएवढे पांढरे ठिपके दिसले. मी आनंदाने ओरडले, "बाबा, हिच्या पाठीवर चांदण्या आहेत!" बाबा हसले. घोडेवाला हसला नाही, हे मात्र मला नीट आठवतं.

त्याचं कारण कळायला तीस वर्षं जावी लागली. तोवर मी माथेरानला जात राहिले होते, आणि तिथल्या एका म्हाताऱ्या घोडेवाल्याशी चांगली ओळख झाली होती. मी त्यांना मामा म्हणते. एका सकाळी त्यांच्या घोड्याला खरारा चालला होता, तेव्हा मी त्या चांदण्यांची गोष्ट सांगितली. त्यांचा हात थांबला. "ताई, ते जन्माचे ठिपके नसतात. पाठ लागली होती तिची."

खोगीर एकाच जागी दाबत राहिलं, की तिथलं रक्त अडतं, कातडी दुखावते आणि केसाचं मूळ आपला रंग गमावतं. जखम भरते, पण वर येणारा केस पांढरा येतो, आणि बहुतेकदा जन्मभर पांढराच राहतो. ज्या खुणेवर मी भाळले होते, ती कुणाच्या तरी निष्काळजीपणाची खूण होती.

त्या दिवसापासून मी घोडा बघायला लागले. आधी नुसतीच त्याच्यावर बसत होते.

घोडा ओरडत नाही. कुत्रं केकाटतं, गाय हंबरते. घोडा दुखणं गिळतो. कळपातलं दुबळं जनावर लांडग्याच्या नजरेत आधी भरतं, हे त्याच्या रक्तात आहे. म्हणून त्याची तक्रार फार बारीक असते. मामांनी मला ती तंग आवळताना दाखवली. तंग म्हणजे पोटाखालून जाणारा पट्टा. पट्टा ओढला जाताच घोड्याचा एक कान मागे गेला. मग दुसरा. नाकपुडी अरुंद झाली, डोळ्याच्या वर एक तिरकी सुरकुती उमटली. माशी नव्हती, तरी शेपटी एकदा सपकन फिरली. सगळं मिळून चार-पाच सेकंद. मी तेव्हा मोबाइलकडे बघत असते, तर माझ्या लेखी काहीच घडलं नसतं.

मामांनी तंग तिथेच सोडला. घोड्याचे पुढचे पाय एकेक करून उचलून पुढे ताणले, म्हणजे पट्ट्याखाली चिमटीत सापडलेली कातडी सुटते. एक भोक आवळलं, चार पावलं चालवलं, मग दुसरं भोक. कान पुढे आले. "लोक म्हणतात, लबाड आहे, मुद्दाम पोट फुगवतो," ते म्हणाले. "कधीतरी दुखलंय त्याला. ते आठवून तो अंग आवळतो." घोड्याला लबाड म्हणणं सोपं असतं, मीही ते अनेकदा ऐकून मान डोलावली आहे, याचं मला वाईट वाटतं.

आपण 'खोगीरभरती' हा शब्द निरुपयोगी मालासाठी वापरतो. घोड्याच्या पाठीला विचारा. लाकडाचा सांगाडा आणि मणका यांच्यामध्ये ती भरतीच तेवढी असते. ती एका बाजूला दबली, गाठाळली, की सगळा भार एका जागी येतो. सीझनमध्ये घोडा वाळतो. दिवाळीत नीट बसलेलं खोगीर मे महिन्यात पुढच्या उंचवट्यावर टेकायला लागतं. तिथे दोन-तीन बोटं जाण्याइतकी जागा हवी. फेरीनंतर खोगीर उतरवलं, की पाठ सारखी ओली दिसली पाहिजे. मध्येच कोरडा डाग असेल, तर तिथे एकतर फार दाब आहे, नाहीतर खोगीर टेकतच नाही. बोटं फिरवली की घोडा स्वतः सांगतो: पाठ खाली खचते, कातडी थरथरते.

तोंडाचंही तसंच. पुढचे दात आणि दाढा यांच्यामधल्या मोकळ्या हिरडीवर लगामाची कडी बसते. ती रुतली की घोडा मान झटकतो, तोंड उघडतो, जीभ बाहेर काढतो, आणि मुलं म्हणतात, बघ कसा हसतोय.

सू डायसन या ब्रिटिश पशुवैद्यक बाईंनी स्वार पाठीवर असतानाच्या अशा चोवीस खुणांची यादीच केली आहे. त्यातल्या आठ किंवा जास्त दिसल्या, तर घोड्याला बहुधा दुखतं आहे असं समजावं. कान पाच सेकंद वा अधिक मागे पडलेले राहणं, ही त्यातलीच एक. मामांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "पाच सेकंद खूप झाले."

माथेरानला गेलात, तर रिकिबीत पाय घालण्याआधी एकदा घोड्याच्या समोर जाऊन उभे राहा. तंग आवळताना त्याचे कान बघा. शंका आली तर खोगीर उतरवून पाठ दाखवायला सांगा. चांगला घोडेवाला रागावत नाही. पाठ लागलेली असेल, तर बसू नका. दस्तुरीपासून बाजारपेठ चालत पाऊण तासावर आहे, आणि वाटेत सावली आहे.