आजीचा टब आणि माझं ड्रेनेज

आमच्या फुलसावंगीच्या घरी आजीचा पत्र्याचा टब आहे. आजी गेल्यावर आईने तिची तुळस त्यात लावली. पाणी निघायची सोय मी केली. सिव्हिलचा विद्यार्थी ना! बुडाला एकच भोक, वर चार बोटं गिट्टी, मग शेतातली काळी माती. पावसाळ्यात तुळस कुजली. आई एवढंच म्हणाली, "काहून रे बाबू, तुमच्या कॉलेजात पाणी खाली उतरत नाही का?"

उत्तर सॉइल मेकॅनिक्समध्ये सापडलं. बारीक कणांची माती केशाकर्षणाने पाणी धरून ठेवते. पुरती भिजल्याशिवाय ते खालच्या गिट्टीत सोडत नाही. म्हणजे माझ्या गिट्टीने चिखल उलट मुळांजवळ आणला होता!

उन्हाळ्याच्या सुट्टीत गिट्टी काढली. खिळा आतून ठोकून बारा भोकं पाडली, गंजू नये म्हणून कडांना रंग लावला, टब विटांवर ठेवला. एक भाग काळी माती, दोन भाग वाळू नि कुजलेलं शेणखत. आजीच्या तुळशीच्या मंजुळा आईने जपून ठेवल्या होत्या, त्याच पेरल्या.

परवा भर पावसात आईचा फोन आला, "बाबू, पाणी खालून निघालं रे. तुळस हिरवीगार आहे."

मित्रहो, ऑल क्लिअर झालो तेव्हाही इतका आनंद झाला नव्हता.