जंगली तूर

आमच्या उर्दू शाळेत 'जंगली' ही शिवी आहे. पाण्याच्या नळाशी कुणी रांग मोडली की लगेच तक्रार येते, "टीचर, ये पूरा जंगली है!" मराठीच्या तासालाही तोच शब्द आणि तोच अर्थ. संस्कृतात 'जांगल' म्हणजे कोरडा, मोकळा मुलूख. त्यात शिवीसारखं काही नव्हतं.

या शब्दावर मला तुरीचं उदाहरण द्यावंसं वाटतं. मराठवाड्यातल्या मुलांना तूर शिकवावी लागत नाही. तुराट्यांचं कुंपण, चुलीत तुराट्या, ताटात वरण किंवा दालचा. उर्दूच्या पुस्तकात ती 'अरहर' होते, एवढाच काय तो गोंधळ. पण ही तूर आली कुठून? पूर्वी अनेक अभ्यासक आफ्रिकेकडे बोट दाखवत. आता ओडिशा आणि बस्तरच्या रानातलं एक झुडूप तिचं मूळ मानलं जातं. शास्त्रीय नाव कजानस कजानिफोलियस. तुरीशेजारी उभं केलं तर चटकन फरक कळू नये इतकं सारखं. फरक शेंगेत आणि बियांत. तिची शेंग वाळली की तडकते आणि दाणे उधळून देते. शेतकऱ्याच्या दृष्टीनं हा दुर्गुणच, झुडपासाठी मात्र वंश चालवायची सोय. शिवाय दाण्याला, जिथं तो शेंगेला चिकटतो तिथं, एक छोटा उंचवटा असतो. आपल्या तुरीत तो सहसा दिसत नाही.

खरी गंमत पुढे आहे. तुरीचं संकरित बियाणं करायचं तर एका बाजूच्या फुलांत परागकण नकोत. हाताने एकेक फूल खुडत बसणं शेतभर कसं जमणार? हैदराबादजवळच्या पाटणचेरूला, इक्रिसॅट संस्थेत, या रानतुरीला आई केलं आणि पिढ्यान्‌पिढ्या शेतातल्या तुरीचे पराग तिच्या वंशाला दिले. त्यातून परागकण न धरणारी झाडं मिळाली. हा गुण आईकडूनच उतरतो. त्याच वाटेनं 'पुष्कल' हा संकरित वाण तयार झाला आणि २०१० मध्ये मध्य प्रदेशात आला. म्हणजे आई जंगलीच!

रानतुरीचं बी आता शीतगृहांतही जपलेलं आहे. चांगलंच आहे. पण डब्यातलं बी ज्या वर्षी ठेवलं त्या वर्षीच थांबतं. रानातलं मात्र दर पावसाळ्यात नव्या किडीशी, नव्या रोगाशी भिडतं, आणि त्यातून जे तगेल तेच पुढच्या वर्षी उगवतं. त्यासाठी ओडिशा-बस्तरचं ते रान उभं राहायला हवं.